वटवाघळांचे व्याज

रोपवाटिकेच्या काउंटरवर गांडूळखत, निंबोळी पेंड आणि कोकोपीट यांच्या शेजारी अलीकडे एक छोटी पुडी दिसू लागली आहे. पुडीवर पंख पसरलेल्या वटवाघळाचे चित्र असते आणि खाली ‘बॅट ग्वानो’ अशी अक्षरे. ग्वानो म्हणजे सरळ मराठीत शीट. ज्या प्राण्याचे नाव संध्याकाळी घरात घेऊ नये असे आजी बजावायची, तो घरात शिरला की अपशकुन म्हणून केरसुणी घेऊन धावायचे, त्याचीच विष्ठा आता पुडीत भरून, भाव लावून गुलाबाच्या कुंडीसाठी विकत मिळते. काळाचा महिमा म्हणतात तो हाच!

नाशिकसारख्या गावात ही गोष्ट नुसती गमतीची राहत नाही. हे द्राक्षांचे गाव आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात चार माणसे एकत्र बसली की बोलणे छाटणी, भुरी, डाऊनी आणि खतांवर येतेच. २०१० साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत वाढनियंत्रक रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि कंटेनर अडकले. त्या वर्षीचा फटका बागाईतदार अजून विसरलेले नाहीत. तेव्हापासून ‘सेंद्रिय’ या शब्दाला इकडे वेगळेच वजन आले. शेणखत, स्लरी, जीवामृत सगळे करून झाले की कोणीतरी हळूच विचारतो, ‘अहो, लेण्यांत, किल्ल्यांवरच्या कोठारांत पाकोळ्यांची घाण पडलेली असते, ती आणली तर?’ हा प्रश्न मी गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. प्रश्न वेडगळ नाही. परंतु त्याचे उत्तर वाटते तितके सोपेही नाही.

एका शब्दाची कुळकथा

‘ग्वानो’ हा शब्द आला दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेतून. पेरू देशाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर पाऊस जवळपास पडतच नाही. तेथे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर शेकडो वर्षे साचत गेले आणि इंका लोक ते शेतीला वापरत. जर्मन प्रवासी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याने १८०४ साली त्याचे नमुने युरोपात नेले. पुढे १८४० नंतर या खताची अशी काही मागणी वाढली, की चिंचा बेटांवरून जहाजेच्या जहाजे भरून निघू लागली. १८५६ साली अमेरिकेने खास कायदाच केला. ग्वानो असलेले आणि कोणाच्या मालकीचे नसलेले बेट एखाद्या अमेरिकन नागरिकाला सापडले, तर त्यावर देशाचा हक्क सांगता येईल, असा तो कायदा. विष्ठेसाठी बेटे ताब्यात घेण्याचा हा प्रकार विलक्षणच म्हणायचा.

त्या सुबत्तेचे पुढे काय झाले, हे महत्त्वाचे आहे. तीस-पस्तीस वर्षांत शतकांचे थर खरवडून संपले. बेटांवर राबायला आणलेल्या चिनी मजुरांचे हाल झाले ते वेगळेच. पेरूच्या तिजोरीला लागलेली सवय सुटेना आणि देश कर्जात बुडाला. १९०९ साली फ्रिट्झ हाबर याने हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवून दाखवला, १९१३ साली जर्मनीत त्याचा कारखाना उभा राहिला आणि रासायनिक खतांचे युग सुरू झाले.

वटवाघळांच्या ग्वानोची कहाणीही याच वळणाची आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबाड नावाच्या प्रचंड गुहा आहेत. १९०३ च्या सुमारास तेथे खणकाम सुरू झाले आणि साधारण वीस वर्षांत एक लाख टनांच्या आसपास माल निघाला. तो कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना गेला. पुढे १९३० साली ती गुहा राष्ट्रीय उद्यान झाली. आज लोक संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बसून वटवाघळांचे थवे बाहेर पडताना पाहतात.

त्यात असते तरी काय?

आधी एक भेद ध्यानात घ्यायला हवा. आपण ज्यांना सरसकट वटवाघूळ म्हणतो त्यांत दोन तऱ्हा आहेत. मोठ्या वडा-पिंपळावर उलटी लटकणारी, उंबर-जांभळे खाणारी ती फळखाऊ वटवाघळे. अंधाऱ्या लेण्यांत, पडक्या वाड्यांच्या माळ्यावर राहणाऱ्या, दिवेलागणीला भिरभिरत बाहेर पडणाऱ्या त्या पाकोळ्या. या किडे खातात. भारतात दोन्ही मिळून सुमारे १३० जाती आहेत. खत म्हणून ज्याचा बोलबाला आहे ते प्रामुख्याने पाकोळ्यांचे.

पाकोळीची लेंडी बोटांनी चुरडली तर तिची भुकटी होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे, कवचांचे बारीक चमकदार तुकडे दिसतात. उंदराची लेंडी अशी भुगा होत नाही. ताज्या, कोरड्या ग्वानोत नत्राचे प्रमाण ८ ते १० टक्क्यांपर्यंत असू शकते. आपल्या शेणखतात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे पाटीभर शेणखताचे काम मूठभर ग्वानो करील. त्यात स्फुरदही चांगले असते. ओल्या गुहेत जुना झालेला ग्वानो असेल तर नत्र अमोनियाच्या रूपाने उडून किंवा पाण्याबरोबर वाहून जाते आणि स्फुरदाचे प्रमाण वाढते. म्हणूनच एका पुडीवर ‘वाढीसाठी’ आणि दुसरीवर ‘फुलांसाठी’ असे लिहिलेले आढळते. मंगळूर विद्यापीठातल्या संशोधकांनीही गुहेत राहणाऱ्या किडेखाऊ वटवाघळांच्या विष्ठेचा खत म्हणून अभ्यास केला आहे. थोडक्यात, या खताची ख्याती खोटी नाही.

मात्र त्यात जादूही नाही. वनस्पतीच्या मुळाला नत्र युरियातून आले की पाकोळीच्या पोटातून, हे कळत नाही. सेंद्रिय पदार्थामुळे जमिनीतले जीवाणू पोसले जातात, एवढा त्याचा खरा अधिकचा लाभ, आणि तो उत्तम कुजलेल्या शेणखतातूनही मिळतो.

गांजाच्या मळ्यातली मागणी

मग जगाच्या बाजारात या पुडीला एवढा भाव कोणामुळे आला? उत्तर ऐकून सोवळ्यातली मंडळी दचकतील. अमेरिका आणि कॅनडात गांजाची लागवड करणाऱ्यांमुळे! अमेरिकेतल्या कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ साली मतदान घेऊन गांजा कायदेशीर केला. कॅनडाने २०१८ साली देशभर परवानगी दिली. तेथे बंद खोल्यांत, दिव्यांच्या उजेडात कुंड्यांमधून ही झाडे वाढवतात. गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा. त्यामुळे फुलोऱ्याच्या काळात स्फुरद अधिक देण्याकडे या लोकांचा कल असतो, आणि त्यासाठी ग्वानोचे नाव त्यांच्यात फार झाले. ‘जमैकन’, ‘इंडोनेशियन’ अशा नावांनी पुड्या विकल्या जातात. कुंडीतल्या एका झाडाच्या हौसेसाठी समुद्रापलीकडची गुहा खरवडली जाते, ती अशी.

आपल्याकडे हा विषय कायद्याने मिटवलेला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय गांजाची लागवड केली तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला पोलिसांनी गांजाचे पीक उपटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पण इंग्रजी अमलात हे पीक सरकारी परवान्याने होत असे. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या आयोगाने सात खंडांचा अहवाल लिहिला. बंगालमधल्या नौगाव भागातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या लागवडीची त्यात तपशीलवार हकीकत आहे. नर झाडे हुडकून उपटून टाकणारा खास जाणकार तेथे असे. आणि खत कोणते? तर शेण आणि पेंड. गोठ्यातल्या साध्या खतावर जे पीक शंभर वर्षांपूर्वी उत्तम येत होते, त्याला आज गुहेतलेच खत लागते, ही बाजाराची करामत आहे.

मला या सगळ्यात गांजाइतकीच चिंता आणखी एका गोष्टीची वाटते. परदेशातल्या हौसेने ठरवलेला भाव हळूहळू आपल्या डोंगरांपर्यंत पोहोचतो. पुडीवरची किंमत वाचणाऱ्या माणसाला मग किल्ल्यावरच्या अंधाऱ्या कोठारात घाण दिसत नाही, पैसे दिसतात.

आपल्या डोंगरांत साठा किती?

कार्ल्सबाडसारख्या गुहा चुनखडीत असतात. पाण्याने हजारो वर्षे दगड विरघळवून ती मैदानासारखी दालने तयार होतात आणि त्यात लाखो वटवाघळे राहू शकतात. आपला सह्याद्री काळ्या बसाल्टचा. हा दगड तसा विरघळत नाही. त्यामुळे आपल्याकडे आहेत त्या बहुतेक माणसाने कोरलेल्या लेण्या, कपारी, किल्ल्यांवरची टाकी आणि भुयारे. त्यांत पाकोळ्या राहतात त्या शेकड्यांनी, फार तर हजारांनी. त्यांच्याखाली साचलेला थर वीतभर, हातभर. चार माणसे फावडी घेऊन गेली तर एका दिवसात संपेल आणि त्यातून एका मोठ्या बागेचीही गरज भागणार नाही. अनेक वर्षांची साठवण, एका दिवसाचे काम!

शिवाय ही जागा कोणाची? पांडवलेण्यासारखी लेणी १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याखाली संरक्षित आहेत. तेथे खणणे हा गुन्हा. डोंगर राखीव वनात असेल तर तेथील प्राण्यांपासून मिळणारी वस्तूही कायद्याने वनउपज ठरते, ती परवानगीशिवाय आणता येत नाही. लेण्यांच्या बाजूने पाहिले तर शीट ही डोकेदुखी खरी. अजिंठ्याच्या चित्रांना वटवाघळांच्या घाणीचा उपद्रव झालेलाच आहे. पण ती सफाई पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांनी करायची, खताच्या व्यापाऱ्याने नव्हे.

सर्वांत नाजूक प्रश्न पाकोळ्यांचा. एवढ्याशा जिवाला वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते. आकाराने उंदराएवढी, पण आयुष्य आणि वाढ मात्र मोठ्या प्राण्यांसारखी संथ. पिल्ले अंगाला बिलगलेली असताना गुहेत बत्त्या, धूर, आरडाओरडा झाला की माद्या उडतात, पिल्ले खाली पडतात आणि मरतात. दोन-तीनदा असे झाले तर सारा थवा जागा सोडून जातो. मग खणायला ग्वानोही राहत नाही.

सीमाभागातले एक उदाहरण यासाठी सांगण्याजोगे आहे. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या जंगलात बारापेडी नावाची गुहा आहे. तेथे सापडलेल्या एका जातीचे वर्णन १९१३ साली प्रसिद्ध झाले. वनाधिकारी रॉटन यांचे नाव त्या वटवाघळाला दिले गेले. पुढे कित्येक दशके साऱ्या जगात ही जात या एकाच ठिकाणची म्हणून माहीत होती. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ती सापडली. २०११ साली तो परिसर भीमगड अभयारण्यात आला. त्याआधी कोणी व्यापारी फावडे घेऊन तेथे पोहोचला असता, तर जगाला माहीत असलेला त्या जातीचा एकमेव ठिकाणा उठला असता.

पांडवलेण्यातला ठेवीचा हिशेब

नाशिककरांना या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागू नये. ते आपल्याच डोंगरात दोन हजार वर्षांपासून कोरलेले आहे. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण दिले. परंतु ते भिक्षूंच्या हाती ठेवले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ते ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना वर्षावासात प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, असा चोख हिशेब. आणि अट ही, की मुद्दल परत द्यायचे नाही, मोडायचे नाही, उपभोग फक्त व्याजाचा. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत.

मला ग्वानोचा सारा प्रश्न या एका शब्दात मावतो असे वाटते. पाकोळ्यांचा थवा आणि त्यांची शांत, अंधारी जागा हे मुद्दल. खाली पडते ते व्याज. व्याज जरूर घ्यावे, पण ते मुद्दलाला धक्का न लावता मिळत असेल तरच.

आणि खरे सांगायचे तर खाली पडणारे हे व्याजही किरकोळच. मोठे व्याज आपल्याला रात्री शेतावर मिळत असते. एक पाकोळी एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक किडे खाऊ शकते. अमेरिकेत टेक्सासच्या कापूस पट्ट्यात बोंडअळीचे पतंग फस्त करणाऱ्या वटवाघळांचा अभ्यास झाला आहे. २०११ साली तिकडच्या शास्त्रज्ञांनी वटवाघळांमुळे शेतीचा वाचणारा खर्च वर्षाला अब्जावधी डॉलरमध्ये मांडला. हा फवारा फुकट असतो आणि त्याचा अंश द्राक्षात उतरत नाही. शेताच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

व्याज घेणारे लोक

मुद्दल राखून व्याज घेणे जमते का? जमते. थायलंडच्या रत्चबुरी प्रांतात एका बौद्ध विहाराजवळच्या गुहेत लाखो पाकोळ्या राहतात. त्यांचा ग्वानो विहारातर्फे ठरल्या वारी, मोजक्या माणसांकडून काढून विकला जातो आणि त्यातून विहाराचा व शाळेचा खर्च भागतो. मध्यंतरी मांसासाठी जाळी लावून वटवाघळे पकडणारे लोक तेथे येऊ लागले. तेव्हा उत्पन्न घसरल्याचे लक्षात आले. १९८० च्या दशकात राखणदार नेमला गेला, चोरी थांबली आणि उत्पन्न पुन्हा वाढले. राखणदाराचा पगार परवडला, कारण वटवाघूळ मेल्यापेक्षा जिवंत अधिक किमतीचे आहे हे लोकांना कळले.

कंबोडियातल्या शेतकऱ्यांची युक्ती त्याहून सोपी. ताडाच्या शेंड्याखाली ते वाळलेल्या झावळ्यांचे झुबके बांधतात. पाकोळ्या आपण होऊन तेथे राहायला येतात. खाली जाळे किंवा कापड अंथरले की शीट गोळा होते. डोंगर फोडायला नको, लेणे खरवडायला नको. आपल्या बांधावर असा प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे? आपल्या पाकोळ्या झावळ्यांत येतील की लाकडी पेटीत, हे कृषी विद्यापीठांतल्या तरुणांनी तपासून पाहावे. प्रबंधासाठी विषय शोधत फिरणाऱ्यांना हा विषय नाशिकच्या मातीतला आहे.

थोडी काळजी

घराच्या गच्चीवर बाग करणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द. पडक्या वाड्यातली किंवा लेण्यातली शीट स्वतः गोळा करायला जाऊ नका, मुलांना पाठवू नका. जुन्या शिटेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. तिचे कण धुळीबरोबर श्वासात गेले तर फुफ्फुसाचा आजार होतो. विकतची पुडी आणलीच, तर ती नाका-तोंडाला फडके बांधून, पाणी शिंपडून ओली करून हाताळावी, शेणखतात मिसळून मुरू द्यावी आणि अगदी थोडी वापरावी. जास्त नत्राने झाड जळते. कच्च्या खाण्याच्या भाज्यांवर ती टाकू नये. पुडीवर माल कोठून आणला हे लिहिलेले नसेल, तर न घेणे उत्तम. आणि गांडूळखत आहेच की!

भीतीही मापात असावी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरजवळच्या गुहेतली वटवाघळे तपासली. त्यांच्यात निपाह विषाणूची प्रतिपिंडे आढळल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले आणि एकच घबराट उडाली. करोनाच्या साथीने वटवाघळांचे नाव आधीच बद्दू झाले होते. पण प्रतिपिंडे सापडणे म्हणजे गावात साथ येणे नव्हे. त्याचा धडा एवढाच, की त्यांच्या घरात आपण घुसू नये. गुहा न खणण्याचे हे आणखी एक कारण.

फळखाऊ वटवाघळे द्राक्षांवर येतात, हे बागाईतदारांचे दुखणे खरे आहे, आणि त्याला जाळी हाच उपाय आहे. ही वटवाघळे कायद्याच्या पुस्तकात फार वर्षे उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातले ते परिशिष्टच गेले. हीच वटवाघळे वड, उंबर, जांभूळ यांच्या बिया डोंगरोडोंगरी पेरतात. त्यांच्या शिटेला पुडीत भाव नसला, तरी तिच्यातून उगवलेल्या झाडाखाली आपण सावलीला बसतो.

पंचवटीतले, जुन्या नाशकातले वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत. त्यांच्या माळ्यांवरच्या पाकोळ्या कोठे गेल्या, हे कोणी विचारत नाही. बागेशेजारचे जुने झाड तोडताना, लेण्याच्या तोंडाशी शेकोटी करताना, शेतघराच्या कौलाखालची फट सिमेंटने लिंपताना एवढे आठवले तरी पुरे, की तेथे कोणाची तरी ठेव आहे. गोवर्धनच्या विणकरांनी दुसऱ्याचे मुद्दल सांभाळले, कारण त्यांच्या श्रेणीची पत त्यावर अवलंबून होती. आपली पतही कशावर तरी अवलंबून असायला हवी!